पडीक जीपचा जीर्णोद्धार

महाराष्ट्रांत खेडोपाडीं हिंडणाऱ्या माणसाला हें दृश्य कांहीं नवें नाहीं. शेतावरच्या घरामागें, गोठ्याच्या वळचणीला किंवा गुऱ्हाळाच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखालीं एक जुनी जीप उभी असते. टायरांतील हवा केव्हांच गेलेली, बैठकीचा काथ्या उंदरांनीं ओढून नेलेला आणि बॉनेटवर गोवऱ्या रचलेल्या, असा तिचा थाट असतो. घरांतील वडीलधारीं माणसें सांगतात कीं, एके काळीं ही गाडी भर पावसाळ्यांत ओढ्याच्या उतारांतून निघून जाई, अडलेल्या बाळंतिणीला हिनेंच तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविलें. तरुण मंडळी सांगतात कीं, भंगारवाला वजनावर रोख पैसे मोजतो. दोन्ही म्हणणीं खरीं असतात, आणि दोहोंचा निकाल लागेपर्यंत जीप गंजत राहते.

अशा गाडीचें करावें काय? भंगारांत घालावी, कोणा हौशी माणसाला विकावी, कीं घरच्या माणसांनीं मिळून ती पुन्हां चालती करावी? तिसरा मार्ग सर्वांत आनंदाचा खरा. परंतु वाटतो तितका तो सरळ नाहीं, आणि तो कोठें चुकतो हें आधीं समजून घेतलें तरच शेवटास जातो.

पुष्कळांची समजूत अशी कीं, जुनी गाडी गंजानें मरते. गंज हा शत्रु खराच. पण त्याची चाल मंद असते. गाडीचा खरा घात होतो तो ती अर्धवट उघडून ठेवल्यानें. सुटीच्या पहिल्या उत्साहांत चार माणसें पाने घेऊन बसतात. आठवड्याभरांत गाडीचे शेंकडों तुकडे अंगणभर पसरतात. नव्याचे नऊ दिवस सरतात, शाळा सुरू होते, पाऊस येतो. तुकडे घाईघाईनें पोत्यांत भरले जातात आणि पोतीं माळ्यावर जातात. गंजलेली परंतु अखंड असलेली जीप आणखी दहा वर्षांनींहि वांचवितां येते. पोत्यांत भरलेली जीप मात्र, कोणता बोल्ट कोठला हें जाणणारा माणूस दूर गेला कीं, खरोखरच भंगार होते. म्हणून ह्या कामाचा मुख्य नियम एवढाच: एका हंगामांत जेवढें पुन्हां बसवून होईल, तेवढेंच उघडावें. बाकीचे सर्व नियम ह्या एका नियमाच्या पोटांत येतात.

हें वाहन कशासाठीं जन्मास आलें हें कळलें म्हणजे त्याची रचना समजूं लागते. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्याला घोडा व मोटारसायकल ह्यांच्या जागीं चालेल असें हलकें, चारही चाकांना जोर पोंचविणारें वाहन हवें होतें. पेनसिल्व्हेनियांतील बटलर येथील बॅण्टम ह्या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याच्या आराखड्यावरून पहिला नमुना बांधला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं तो मेरिलंडमधील होलाबर्ड छावणींत सैन्याच्या स्वाधीन केला. त्यासाठीं मिळालेली मुदत अवघी ४९ दिवसांची होती. मागून विलीज-ओव्हरलँड व फोर्ड ह्या कंपन्यांनींहि आपापले नमुने आणले. त्यांत विलीजचें इंजिन जोरकस ठरलें. तोच आराखडा प्रमाण मानून विलीज व फोर्ड ह्या दोघांनीं १९४१ ते १९४५ ह्या काळांत मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. विलीजच्या गाडीला एमबी व फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू असें नांव होतें. चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटरचें व ६० अश्वशक्तीचें इंजिन. पुढच्या व मागच्या आंसांमध्यें ८० इंचांचें अंतर. तीन गिअर आणि ६ व्होल्टची बॅटरी, एवढा तिचा संसार.

रणभूमीवर कारखाना नसतो. चिखलांत रुतलेली गाडी तेथल्या तेथें, हाताशीं असलेल्या चार पान्यांनीं, विशीच्या शिपायाला दुरुस्त करतां यावी, ह्या हेतूनें ती घडविलेली होती. दोन कंपन्यांच्या गाड्यांचे बहुतेक भाग एकमेकांना लागूं पडत. बॉनेट उघडलें कीं इंजिनाच्या दोन्ही अंगांनीं हात खालपर्यंत जातो. प्रत्येक नळी व तार डोळ्यांना दिसते. आजच्या मोटारींत पुष्कळशा कामांचा कारभार विद्युत्‌-उपकरणांच्या बंद पेटींत असतो. जुन्या जीपमध्यें कारण व कार्य हीं दोन्ही उघडीं असतात. पेट्रोल कोठून येतें, ठिणगी कोठें पडते, जोर चाकापर्यंत कसा जातो, हें शाळेंतल्या मुलाला बोटानें दाखवितां येतें. घरच्या मंडळींनीं मिळून करण्याच्या कामासाठीं ही गाडी योग्य ठरते ती ह्याच गुणामुळें.

लढाई संपल्यावर लष्करी जादा मालाच्या विक्रींतून कित्येक जीपगाड्या भारतांत खाजगी मालकांच्या हातीं आल्या. १९४५ सालीं महिंद्रा बंधूंनीं मलिक गुलाम महंमद ह्यांच्या भागीदारींत जी कंपनी काढली होती, तिचें नांव फाळणीनंतर १९४८ मध्यें महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. आणि त्याच सुमारास विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईंत गाड्या जुळविण्याचें काम तिनें हातीं घेतलें. पुढें सीजे-३बी हा नमुना आला. अमेरिकेंत तो १९५३ ते १९६८ पर्यंत निघाला, भारतांत मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें तयार होत राहिला. आज आपल्या गांवोगांवीं पडून असलेल्या जीपगाड्यांत ह्याच घराण्याच्या गाड्या विशेष आढळतात.

आपल्या दारची गाडी कोणती, हें ओळखण्याच्या कांहीं सोप्या खुणा आहेत. लढाईच्या काळांतील बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. नागरी उपयोगासाठीं निघालेल्या गाड्यांना सात. सीजे-३बीचें बॉनेट चांगलेंच उंच असतें. त्याचें कारण तिचें हरिकेन इंजिन. जुन्या इंजिनांत सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्यें होते; हरिकेनमध्यें हवा-पेट्रोल आंत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्यें गेले आणि धूर बाहेर सोडणारे ब्लॉकमध्येंच राहिले. त्यामुळें इंजिनाची शक्ति सत्तर अश्वशक्तीच्या वर गेली, पण उंचीहि वाढली, आणि बॉनेटला वर सरकणें भाग पडलें. फोर्डनें बांधलेल्या गाडीची खूण तर मुलांना विशेष आवडेल अशी आहे. समजा, एखादी नात बोल्ट घांसून स्वच्छ करीत आहे आणि मध्येंच विचारते, “आबा, ह्या बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एफ् कशाला हो काढलाय?” आबांनीं सांगावें, “बाळ, तो फोर्डच्या कारखान्याचा शिक्का. असे आणखी किती सांपडतात तें मोजून वहींत लिही पाहूं.” असा एक बोल्ट हातीं आला म्हणजे दूरच्या युद्धाचा इतिहास पुस्तकांतून निघून अंगणांत येतो.

पान्याला हात लावण्यापूर्वीं कागद पाहावे. पुष्कळ वेळां गाडी आजोबांच्या नांवावर असते, आजोबा जाऊन वर्षें लोटलेलीं असतात, आणि वारसाच्या नांवाची नोंद कोणी केलेलीच नसते. ती नोंद फॉर्म ३१ भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयांत करून घ्यावी लागते. नोंदणीची मूळ मुदत १५ वर्षांची असते व पुढें ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. गाडीच्या पाटीवरचा, चौकटीवरचा व इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. ते जुळत नसतील तर ती अडचण आधीं सोडवावी. कारण पैसा व श्रम ओतून झाल्यावर गाडी रस्त्यावर काढतां येत नाहीं असें कळणें ह्यासारखें दुःख नाहीं.

ह्याच ठिकाणीं आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो मागाहून फिरवितां येत नाहीं. गाडी मूळ स्वरूपांत ठेवायची, कीं सोयीप्रमाणें बदलायची? २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तिच्या अन्वयें ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या व मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ असा निराळा दर्जा मिळाला. अशा रीतीनें नव्यानें नोंदविलेल्या गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें असतात. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षांची ठरली. अशी गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींच्या फेऱ्या, तांत्रिक संशोधन, इंधन भरणें व दुरुस्ती ह्यांसाठींच बाहेर काढावयाची असते. रोजच्या किंवा भाड्याच्या कामासाठीं नव्हे. उलट पक्षीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असे मनमानी बदल करण्यास आडवें येतें. मध्यंतरीच्या काळांत कित्येक जीपगाड्यांतलें पेट्रोल इंजिन काढून तेथें डिझेल इंजिन बसविण्यांत आलें. त्या वेळीं तें काटकसरीचें होतें. परंतु मूळ इंजिन भंगारांत गेलें, आणि त्याबरोबर गाडीची ओळखहि गेली. देवळाचा जीर्णोद्धार करतांना शिखर नवें बांधतात, फरशी बदलतात, पण मूर्ति हलवीत नाहींत. जीपच्या बाबतींत चौकट, इंजिन, गिअरबॉक्स व क्रमांकाच्या पाट्या ह्यांना मूर्तीचा मान द्यावा. बाकीच्या वस्तु झिजणाऱ्याच आहेत.

कागद व निश्चय झाले म्हणजे एक जाड पुठ्ठ्याची वही आणावी. गाडीचे चहूं बाजूंनीं, खालून व वरून फोटो काढावे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचा फोटो, काढल्यावर त्याला तारेनें बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी, आणि वहींत त्याच क्रमांकापुढें तो कोठला, किती बोल्टांचा व कोणत्या स्थितींत होता ह्याची नोंद, असा क्रम कधींहि मोडूं नये. बोल्ट ज्या भोंकांतून निघाला त्याच भोंकांत शक्यतों परत अडकवून ठेवावा. हें काम लहान वाटतें. परंतु जीप पुन्हां उभी राहते ती पान्यापेक्षां ह्या वहीच्या आधारावर.

घरांतील प्रत्येकाला ह्या उद्योगांत खरें काम मिळालें पाहिजे, आणि हाच भाग बहुधा बिघडतो. वडील सर्व पाने आपल्याच हातांत घेतात, आणि मुलांच्या वांट्याला विजेची बत्ती धरून उभें राहणें येतें. दोन रविवार मुलें बत्ती धरतात. तिसऱ्या रविवारीं तीं खेळायला जातात, आणि त्यांचा दोष नसतो. म्हणून गाडीचा एकेक भाग एकेकाच्या नांवें करावा. ज्याचें अक्षर चांगलें त्यानें वही सांभाळावी. ज्याच्या अंगीं धीर अधिक त्यानें कार्ब्युरेटर घ्यावा. ज्या मुलीला विज्ञानाची आवड आहे तिनें तारांचा नकाशा काढावा, प्रत्येक तार कोठून निघते व कोठें पोंचते तें रंगीत पेन्सिलीनें दाखवावें, आणि त्या नकाशावरून नवी तारजोडणी तिनेंच करावी. आजोबा हयात असतील तर त्यांची स्मृति हेंहि एक हत्यारच आहे: कोणता पाटा कोणत्या सालीं तुटला, कोणत्या गिअरला गाडी कुरकुरे, रेडिएटरला झाळ कोणी लावली, ह्या गोष्टी कोणत्याहि पुस्तकांत नसतात. आजोबा सांगत असतांना त्या वहींत उतरून घ्याव्या. चूक झाली तर ती ज्याची त्याला सुधारूं द्यावी. मोठ्यांनीं झटकन हातांतला पाना ओढून घेऊं नये.

मात्र कांहीं धोके असे आहेत कीं त्यांत मुलांना शिकण्यासाठीं मोकळें सोडतां येत नाहीं. पहिला धोका वजनाचा. जीपचें वजन हजार किलोच्या वर असतें. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये; वीट न सांगतां फुटते. लोखंडी घोडे लावावे आणि गाडी हलवून पाहावी, मगच खालीं जावें. दुसरा धोका धुळीचा. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर ती धूळ फुंकरीनें किंवा हवेच्या पंपानें कधींहि उडवूं नये; पाण्यानें ओली करून ओल्या फडक्यानें पुसावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घांसूं नये, आणि ते काम चाललें असतां लहान मुलांना जवळ येऊं देऊं नये. तिसरा धोका आगीचा. ह्या जीपगाड्यांत पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीं असते. रिकामी दिसणारी टाकी वाफेनें भरलेली असते आणि वाफ पेट्रोलाहूनहि लवकर पेटते. टाकी गाडीबाहेर काढून दूर ठेवल्याशिवाय गाडीजवळ वेल्डिंगची ठिणगी पडूं देऊं नये. आणि टाकीला स्वतः वेल्डिंग करण्याचें धाडस तर घरीं करूंच नये.

आतां कामाच्या क्रमाकडे वळावें. बहुतेकांना आधीं इंजिन सुरू करून पाहण्याची घाई असते, तर कांहींना रंगाची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा हा प्रकार होतो. इंजिन सुरू झालें कीं गाडी दोन पावलें चालवून पाहण्याचा मोह होतो आणि ब्रेक नसलेली गाडी कुंपणावर जाते. म्हणून पहिला हंगाम ब्रेकचा. ह्या गाडीचे पायब्रेक तेलाच्या दाबावर चालतात व चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर असतो. म्हणजे एका चाकाची रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या गाडींत तीच ओल सिलिंडरांना आंतून खाते. त्यामुळें सर्व रबरी कप व नळ्या नव्याच घालाव्या. ते भाग रॉकेलानें किंवा पेट्रोलानें धुण्याची चाल आहे, ती घातक होय. त्या तेलांनीं रबर फुगतें आणि ब्रेक अडकतो. ब्रेकच्या तेलानेंच ते धुवावे. हातब्रेक ह्या गाडींत चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकाशीं असतो. तोहि ह्याच हंगामांत नीट करावा. सर्व काम झाल्यावर अनुभवी मिस्त्रीकडून तें एकदां तपासून घ्यावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

दुसरा हंगाम इंजिनाचा. पडून राहिलेलें इंजिन बहुधा जाम झालेलें असतें. त्याला बॅटरी लावून जबरदस्तीनें फिरवूं नये. आधीं खालचें तेल सोडावें. तेलाआधीं पाणी आलें किंवा तेल दुधासारखें निघालें तर आंत पाणी शिरलें असें समजावें. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल सोडावें आणि आठवडाभर वाट पाहावी. मग हॅण्डल लावून हलक्या हातानें इंजिन पुढेंमागें डोलवावें. हॅण्डल धरतांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि जोर वर ओढण्याचा असावा. इंजिनानें उलटा झटका दिला तर आंगठ्याचें किंवा मनगटाचें हाड मोडतें, हें जुने चालक जाणत असत. इंजिन मोकळें झाल्यावर चारही सिलिंडरांतील दाब मोजावा. ते एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन न उघडतांहि चालूं शकेल. एखाद्यांत दाब फारच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा तपासाव्या लागतात. सिलिंडर बोअर करण्याचें काम घरचें नव्हे. तें यंत्रशाळेंत द्यावें. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणीं अशा कामाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे.

टाकींतील जुनें पेट्रोल चिकट डिंकासारखें होतें आणि कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितें. म्हणून टाकी, नळ्या व कार्ब्युरेटर स्वच्छ केल्याशिवाय नवें पेट्रोल घालूं नये. अलीकडे भारतांत पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल-पंपाचा पडदा ह्यांना तें मानवत नाहीं. त्या जागीं इथेनॉल सोसणारे भाग घालावे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. प्लगच्या तारा ह्या क्रमानें लागल्या आहेत ना, हें पाहून मगच हॅण्डल मारावें. कित्येक वर्षें मुक्या असलेल्या इंजिनानें पहिला खोकला काढला कीं घरांतील सारीं माणसें अंगणांत धांवत येतात. तो आनंद घ्यावा. पण प्रथम तेलाच्या दाबाचा कांटा वर गेला कीं नाहीं तें पाहावें, आणि तो वर जात नसेल तर तत्काळ इंजिन बंद करावें.

तिसरा हंगाम अंगाचा, म्हणजे चौकट व पत्रा ह्यांचा. लहान हातोडीनें सर्वत्र हलके ठोके देत जावें. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला पत्रा बदबदतो. चिखल व पाणी जेथें सांचतें तेथें आधीं पाहावें: बैठकीखालीं, पाय ठेवण्याच्या जागीं, चाकांवरच्या कोनाड्यांत. लढाईच्या काळांतील जीपमध्यें तळाच्या पत्र्याखालच्या पन्हळींत लांकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. त्या पाणी धरून ठेवतात आणि पत्र्याला आंतून कुजवितात. कोंकणांतील खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाडीचें अंग देशावरच्या गाडीपेक्षां अधिक खंगलेलें सांपडावें, ह्यांत नवल नाहीं. सडलेला तेवढाच तुकडा कापून तेथें तेवढाच नवा जोडावा. सबंध अंग बदलण्याची घाई करूं नये. पत्र्यावरचे पोचे सगळेच काढले पाहिजेत असेंहि नाहीं. आजोबांच्या हातून गोठ्याच्या खांबाला लागलेला पोचा तसाच ठेवला तर गाडी कमी मोलाची होत नाहीं.

रंग सर्वांत शेवटीं. लष्करी जीपला तिचा मूळचा हिरवा रंग द्यावा अशी इच्छा साहजिकच होते. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणें लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षणखात्याच्या वाहनांवांचून इतरांना लावतां येत नाहीं. म्हणून दुसरा रंग निवडावा आणि नोंदणीपुस्तकांत तो नोंदवून घ्यावा.

सुट्या भागांसाठीं लोक दूरदूर पत्रें पाठवितात, पण काखेंत कळसा आणि गांवाला वळसा असेंहि पुष्कळदां होतें. सीजे-३बीचे भाग भारतांत दीर्घकाळ तयार होत राहिल्यामुळें जुन्या दुकानांतून, तालुक्याच्या गॅरेजांतून, मुंबईच्या कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या गल्ल्यांतून ते अजून हातीं येतात. जुना भाग बरोबर नेऊन, मोजून, ताडून मगच नवा घ्यावा. आणि नवा भाग बसला म्हणून जुना लगेच टाकूं नये. मूळच्या मालाचें लोखंड पुष्कळदां नकली मालाहून चांगलें असतें व दुरुस्तीला ये‍तें.

गाडी चालती झाल्यावर ती चालविण्याची रीतहि नव्यानें शिकावी लागते. तिचा पहिला गिअर सहज जुळणारा नसतो. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा चिखलांत, वाळूंत किंवा सैल मातींतच ओढावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ओढला तर वळतांना पुढच्या व मागच्या चाकांची गति जुळत नाहीं आणि यंत्रांत ताण सांठून दांते मोडतात. आजच्या मोटारी ज्या अंतरांत थांबतात त्या अंतरांत ही थांबत नाहीं. बाजूला दारें नसतात, मूळच्या गाडीला पट्टेहि नसतात. तेव्हां मुलांना मागें कठड्यावर बसवून हमरस्त्यावर धांवण्याची हौस मनांतून काढून टाकावी. सावकाश, शेतावरच्या वाटेनें, ज्या कामासाठीं ती घडविली गेली त्याच जमिनीवर तिला चालवावें.

ह्या साऱ्या उद्योगाला किती पैसे लागतील, ह्याचा आंकडा आधीं कोणीच देऊं शकत नाहीं. कारण पत्र्याखालीं काय निघेल तें उघडल्याशिवाय कळत नाहीं. परंतु हंगामाला एक भाग, असा नेम ठेवला म्हणजे खर्चहि हंगामाहंगामानें वांटला जातो, आणि मध्येंच पैसा संपला तरी गाडी पोत्यांत जात नाहीं. ब्रेक झालेले असतील तर ब्रेकची गाडी म्हणून ती छपराखालीं उभी राहील. पुढच्या वर्षीं इंजिनाला हात लागेल. भंगारवाल्याला देण्याचा विचार अशा उभ्या गाडीजवळ फारसा टिकत नाहीं.

काम पुरें झालें असें कधीं म्हणतांच येत नाहीं. जीपच्या सांध्यासांध्यांत ग्रीस भरण्याचीं टोंकें असतात. त्यांत वेळोवेळीं ग्रीस भरावें लागतें. पंधरवड्यांतून एकदां इंजिन पुरतें गरम होईपर्यंत चालवावें, ब्रेकचें तेल पाहावें, पावसाळ्याआधीं तळाला तेल लावावें. हें प्रत्येक काम झालें कीं त्याच वहींत तारीख घालून लिहावें. पहिल्या पानांवर आजोबांनीं सांगितलेल्या गोष्टी, मधल्या पानांवर वडिलांची जाडी अक्षरें, पुढें मुलीनें काढलेला तारांचा नकाशा, आणि त्यापुढें कोरीं पानें, अशी ती वही गाडीच्या कागदांबरोबरच जपून ठेवावी. पुढें ज्याच्या हातीं गाडी जाईल त्याला कागदांइतकीच ह्या वहीची गरज लागेल.